पडदा, वाडा आणि कचेरी : हंसा वाडकरांची हकीकत

मराठवाड्याचा सामाजिक इतिहास लिहावयास जो कोणी बसतो तो प्रथम सनदा आणि फर्माने चाळतो, मग महसुली दप्तरे उलगडतो, मग निजामी राजवटीच्या अहवालांवरून नजर फिरवितो आणि अखेरीस मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या आठवणींपाशी येऊन थांबतो; एका सिनेमानटीने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एका तरुण पत्रकारास सांगितलेली स्वतःची हकीकत हेही या प्रदेशाच्या इतिहासाचे साधन असू शकेल, ही कल्पना त्याच्या मनाला सहसा शिवत नाही. वास्तविक हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात मराठवाड्यातील एका खेड्यात काढलेल्या सुमारे तीन वर्षांचा जो वृत्तान्त आला आहे, त्यात वाडा आहे, वाड्यातील सवती आहेत, उंबरठ्यावरचा पहारा आहे आणि कचेरीही आहे. चित्रपटाचे अभ्यासक ही पाने एका विस्कटलेल्या संसारातला आडवळणाचा प्रसंग म्हणून ओलांडून जातात, आणि आम्ही मराठवाड्याचे लोक पुस्तक सिनेमाचे म्हणून ते उघडीतच नाही. निजामाच्या अमलात परभणी जिल्ह्याचा एक तालुका असलेल्या आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झालेल्या हिंगोलीत राहून ती पाने वाचणाऱ्यास मात्र त्यांत स्वतःच्या प्रदेशाची ओळख पटल्यावाचून राहत नाही, आणि ती ओळख फारशी सुखाची नाही.

हंसाबाईंच्या जन्माच्या दहाच वर्षे आधी या देशात स्त्री पडद्यावर आली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली, परंतु कलावंतिणींच्या वस्तीतूनही कोणी स्त्री त्या कामास तयार होईना, आणि अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी वेळ निभावून नेली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी उभ्या राहिल्या, आणि ही कोंडी फुटली. जपानातही काहीसा असाच प्रकार होता. तेथील काबुकी रंगभूमीवरून स्त्रियांना १६२९ साली हुकुमाने हद्दपार करण्यात आले, पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा त्यानंतर शतकानुशतके चालली, आणि तेथील आरंभीच्या चित्रपटांनीही तीच वहिवाट उचलली. आपल्याकडे असा हुकूम कोणत्याही सरकारने काढला नव्हता. तो समाजानेच, कागदावर न लिहिता, काढून ठेवला होता, आणि न लिहिलेला हुकूम रद्द करून घ्यावयास कोणत्या कचेरीत अर्ज करावा हे कोणालाच ठाऊक नसते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर सारा महाराष्ट्र मोहित झाला, त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, परंतु त्याच घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाऊल टाकावे ही गोष्ट त्या महाराष्ट्राला अनेक वर्षे असह्य वाटत होती. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा प्रतिष्ठित कुळातील सुशिक्षित स्त्रीचे हे आगमन म्हणजे एक घटनाच मानली गेली. ज्यांच्या कुळाला समाजाने मुळातच प्रतिष्ठा दिली नव्हती त्या स्त्रियांच्या आगमनाची मात्र कोणी घटना मानली नाही. हंसाबाई या दुसऱ्या रांगेतल्या.

त्यांचे मूळचे नाव रतन भालचंद्र साळगावकर. जन्म मुंबईचा, २४ जानेवारी १९२३ चा. घराण्याचे मूळ सावंतवाडीकडचे, आणि ते घराणे कलावंतांचे. गाणे आणि नृत्य हा जेथे पिढीजात व्यवसाय असतो त्या घरात मुलीचा जन्म हा खर्चाचा नव्हे तर उत्पन्नाचा विषय होतो, आणि मिळवत्या मुलीवर घर कसे विसंबून राहते हे रतनने फार लहानपणी पाहिले. तेराव्या वर्षी, ज्या वयात इतर मुली शाळेची पाटी सांभाळीत होत्या, ती ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. सिनेमाच्या धंद्यात घराण्याचे नाव नको म्हणून तिने साळगावकर हे आडनाव टाकून वाडकर हे घेतले आणि रतनची हंसा झाली. ज्या घराण्याच्या व्यवसायाकडे समाज नाक मुरडीत होता त्या घराण्यालाही आपले नाव सिनेमापासून जपावेसे वाटावे, यावरून त्या काळी चित्रपटाचा दर्जा लोकांच्या मनात काय होता याची कल्पना येते.

पुढे अल्पावधीत त्यांचा विवाह जगन्नाथ बांदरकर यांच्याशी झाला. हे लग्न होण्यापूर्वीच त्या गरोदर होत्या, ही गोष्ट त्यांनी स्वतःच, कसलाही आडपडदा न ठेवता, सांगून टाकली आहे. लग्नानंतर काम सोडून घर सांभाळावे, मुले वाढवावीत, चारचौघींसारखे स्वयंपाकघरात रमावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती मोठी इच्छा नव्हती, परंतु तिला पैशाचे पाठबळ नव्हते. घर त्यांच्या मिळकतीवर चालत होते, म्हणून काम सुटेना. आणि काम चालू म्हणून संशय सुटेना. बॉम्बे टॉकीजसारख्या त्या काळच्या सर्वांत शिस्तशीर समजल्या जाणाऱ्या संस्थेत, फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या हाताखाली, १९३९ चा ‘नवजीवन’ त्यांनी केला. तेथे वेळेला वेळ होता, करारनाम्याला किंमत होती. घरी परतल्यावर दोन्हींचा अभाव. दिवसभर बाहेर नायिका असलेली स्त्री संध्याकाळी घरात हिशेब देणारी आसामी होत असे, हा त्यांच्या साऱ्या आयुष्याचा पेच येथेच बसलेला दिसतो.

१९४१ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत सखू’ काढला. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचे दिग्दर्शन, आणि सखूच्या भूमिकेत हंसाबाई. कऱ्हाडची सखू पंढरीच्या वारीला जाऊ पाहते, सासरची माणसे तिला खांबाला बांधून ठेवतात, आणि प्रत्यक्ष पांडुरंग तिचे रूप घेऊन त्या खांबाशी उभा राहतो व तिला वाट मोकळी करून देतो, ही कथा महाराष्ट्रातील कोणत्याही वारकऱ्याला नवी नाही. ज्या जिल्ह्यात नरसी हे नामदेवांचे गाव आहे आणि जेथील औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाने आपले तोंड त्याच नामदेवासाठी फिरविले असे लोक अजून श्रद्धेने सांगतात, त्या आमच्या जिल्ह्याला तर ती अगदी घरची. संतपटांचे ते युग होते; विष्णुपंत पागनीसांचा ‘संत तुकाराम’ पाच वर्षांपूर्वी येऊन गेला होता, आणि त्याच्या सावलीत ‘सखू’ जरा उणाच राहिला हे कबूल केले पाहिजे. चमत्कारांच्या दृश्यांवर भिस्त अधिक, आणि तुकारामातील तो निर्व्याज जिव्हाळा कमी. तथापि सासरच्या छळात गप्प राहणाऱ्या, परंतु मनाने कधीच न वाकलेल्या सुनेचे काम हंसाबाईंनी ज्या संयमाने केले, तो संयम पुढे त्यांच्या भडक भूमिकांत सुद्धा तळाशी सापडतो.

मराठी प्रेक्षकाच्या मनात त्यांचे नाव कायमचे कोरले गेले ते मात्र १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराची ही निर्मिती, बाबूराव पेंटरांचा दिग्दर्शनात हात, कथा-संवाद-गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. रामजोशी झाले होते जयराम शिलेदार आणि तमाशातील बया झाल्या होत्या हंसाबाई. पेशवाईतल्या ब्राह्मण शाहिराने फडावर यावे आणि तेथील नर्तकीच्या बरोबरीने सवाल-जबाब करावा, या कथेत जी बरोबरी होती ती पेलणे सोपे नव्हते, कारण नुसती देखणी बाई तेथे शाहिरासमोर फिकी पडली असती. हंसाबाईंच्या बयेला डोळ्यांत मिश्किली होती, मानेत रग होती आणि पावलात ताल होता. मराठी तमाशापट म्हणून जी धारा पुढे दोन तपे वाहिली तिचा उगम या चित्रपटात आहे, आणि त्या धारेतली पहिली खरी नायिका बया आहे, असे म्हणण्यास मला हरकत वाटत नाही. त्यानंतर राजा परांजपे यांचा ‘पुढचं पाऊल’ (१९५०) आला, त्यात पु. ल. देशपांडे त्यांच्यासोबत होते. ‘नायकिणीचा सज्जा’ १९५७ चा. मध्ये इतरही काही आले. त्यांतील सर्वांची गणती करण्याचे कारण नाही.

पडद्यावरच्या या वाटचालीच्या पाठीमागे घरातली वाटचाल निराळीच चालली होती. दारू जवळ आली होती, पतीशी खटके नित्याचे झाले होते, आणि अशाच एका भांडणाच्या पोटी, संतापाच्या भरात, एका परिचित गृहस्थाबरोबर त्या घर सोडून निघून गेल्या. मोटार थांबली ती मराठवाड्यातल्या एका आडगावी, त्या गृहस्थाच्या वाड्यापुढे. तेथे गेल्यावर त्यांना कळले की या घरात आपण तिसरी बायको आहोत.

आमच्या भागातला वाडा म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना या तीन वर्षांची पुरती कल्पना येणार नाही. देशमुखी, पाटीलकी, इनाम, जहागीर यांपैकी कोणत्या ना कोणत्या वतनावर उभे राहिलेले ते घर गावाच्या मानाने अवाढव्य असते. जाड भिंती, मोठा दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती सोपे, आणि सोप्यांच्या मागे जेथे परक्या पुरुषाची दृष्टी जाऊ शकत नाही तो बायकांचा भाग. निजामी अमलाने हा वाडा निर्माण केला नाही, तो त्याहून जुना. परंतु त्या अमलाने तो जसाच्या तसा जतन केला ही गोष्ट खरी. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांत कारभाराची भाषा उर्दू, नाणे हाली, जिल्ह्याचा मुख्य अव्वल तालुकदार, आणि हद्दीवर मालाची जकात घेणारे करोडगिरीचे नाके. मराठी शाळा थोड्या, मुलींच्या त्याहून थोड्या. पुण्या-मुंबईत स्त्रीशिक्षणाचे आणि विधवाविवाहाचे वाद होऊन पिढ्या उलटल्या होत्या, त्यांचा आवाज या नाक्यांच्या अलीकडे फार क्षीण होऊन येत असे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले, पुढल्या वर्षी जहागिरी खालसा झाल्या, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. परंतु वतनाचा कागद रद्द झाल्याने वाड्याचा उंबरठा ठेंगणा होत नाही.

अशा उंबरठ्याच्या आत, जिच्या लावण्यांसाठी चित्रगृहांत गर्दी लोटत होती ती बाई स्वयंपाक करीत, सवतींच्या पोराबाळांत वावरत आणि बाहेर पडण्याची मुभा नसताना राहिली. यातील विशेष गोष्ट अशी की त्या वाड्याचे वर्णन करताना त्यांनी केवळ आक्रोश केलेला नाही. ज्या गृहस्थजीवनाची त्यांनी लहानपणापासून आस धरली होती ते त्यांना येथे एका विपरीत रूपात मिळाले होते. डोक्यावर पदर, चुलीपुढचे काम, घरच्या बाईचे स्थान, सारे काही होते, फक्त दारातून बाहेर जाण्याचा अधिकार नव्हता. आमच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या बायका अशाच राहिल्या, आणि त्यांना तो अधिकार नसल्याचे कोणाला वेगळे जाणवले नाही, कारण त्यांनी तो मागितलाच नाही. हंसाबाई बाहेरून आल्या होत्या. स्टुडिओच्या फाटकातून रोज ये-जा केलेली ही स्त्री होती. म्हणून जो पहारा इतरांना घराची रीत वाटत होता तो त्यांना पहारा दिसला. माझ्या मते या तीन वर्षांच्या वृत्तान्ताचे ऐतिहासिक मोल नेमके येथे आहे. त्या वाड्यातल्या पहिल्या दोन बायकांची हकीकत कोणी लिहून घेतली नाही. तिसरीची आहे, आणि तिच्या आडून त्या दोघीही थोड्याबहुत दिसतात.

अखेर पतीपर्यंत त्यांच्या या कोंडीची खबर पोहोचली आणि पोलिसांची मदत घेऊन ते त्यांना न्यावयास आले. येथे कहाणी संपली असती तर ती सुटकेची कहाणी झाली असती. परंतु एका विवाहित स्त्रीला एका घरातून दुसऱ्या घरी नेण्यासाठी सरकारदरबारी जबाब, सह्या, दाखले यांचे जे सोपस्कार होते ते पार पाडताना, ज्या दंडाधिकाऱ्यापुढे त्यांना उभे राहावे लागले त्यानेच त्यांच्यावर बलात्कार केला, असे हंसाबाईंनी सांगितले आहे. वाड्याच्या भिंतींवर बोट ठेवणे आपल्याला सोपे जाते. तो जुन्या काळाचा अवशेष, तो सरंजामशाहीचा पुरावा, असे म्हणून मोकळे होता येते. कचेरी मात्र कायद्याची, आणि जुलमाविरुद्ध दाद मागण्याची जागा म्हणूनच रयत तिच्याकडे पाहत असते. त्या कचेरीत, हुद्द्याच्या आडोशाने, हे घडले. आणि सुटका हवी असेल तर त्याविषयी मुकाट राहिले पाहिजे अशी त्या बाईची स्थिती होती. वतनदाराच्या अमलातून अंमलदाराच्या अमलात जाताना स्त्रीच्या वाट्याला काय येते, याचा इतका उघडा पुरावा आमच्या कोणत्याही दप्तरात नाही, आणि असण्याचा संभवही नाही, कारण दप्तर ठेवणारा हात कोणाचा होता हे आपण जाणतोच.

मुंबईस परतल्यावर जीवन पूर्ववत झाले असे नाही. कटकटी होत्या त्याच राहिल्या, व्यसनही राहिले. परंतु नट-नटींचे एक बरे असते की त्यांच्या हातून काम होते तेव्हा दैन्याची आठवण प्रेक्षकाला होत नाही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ प्रदर्शित झाला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे. गावच्या पाटलाने एका शेतकऱ्याचे घर उद्ध्वस्त करावे, त्याच्या बायकोवर अत्याचार करावा, त्यातून जन्मलेल्या मुलीला तमाशातील चिमाने वाढवावे, आणि वर्षांनी त्याच गावात, पाटलादेखत, भर फडावर चिमाने सारे पाप लावणीतून उघडे करावे, असे हे कथानक. जयश्री गडकर यांना या चित्रपटाने तारका केले हे सर्वविदित आहे. परंतु चित्रपटाचा भार हंसाबाईंच्या चिमाने वाहिला होता. शेवटच्या प्रसंगात त्यांच्या मुद्रेवर जो निश्चय दिसतो तो मला नुसता अभिनय वाटत नाही. वाचकाने तो माझा भाबडेपणा समजावा, पण जिला सत्ताधाऱ्याच्या समोर मुकाट राहावे लागले होते तिलाच ही भूमिका मिळाली, हा योग सामान्य नव्हे.

चित्रपटात चिमा बोलली; हंसाबाईंना बोलण्यास आणखी सात वर्षे लागली. १९६६ साली पुण्याच्या ‘माणूस’ या नियतकालिकात त्यांचे आत्मकथन क्रमशः येऊ लागले. संपादक श्री. ग. माजगावकर, शब्दांकन अरुण साधू यांचे. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी प्रसिद्ध पावलेले साधू तेव्हा उमेदवारीतले पत्रकार होते. बोलणारीच्या तोंडची भाषा लेखकाने सुधारून घ्यावी, वाक्ये गोंडस करावीत, हा मोह त्यांना आवरता आला ही मराठी वाङ्मयावर त्यांची मेहेरबानीच झाली. १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने काढले आणि त्यास त्या गाजलेल्या चित्रपटाचेच नाव दिले. लीला चिटणीस आणि दुर्गा खोटे यांची आत्मचरित्रे यानंतर दहा-बारा वर्षांनी आली. दोन्ही वाचनीय आहेत, दुर्गाबाईंचे तर भाषेनेही नेटके. परंतु ज्यांना राखण्यासारखी प्रतिष्ठा होती त्यांनी ती राखून लिहिले, आणि त्यात गैर काही नाही. हंसाबाईंना राखावयाचे काहीच उरले नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःलाही वाचविले नाही.

जपानच्या किनुयो तानाका या नटीची येथे आठवण होते. १९०९ साली शिमोनोसेकी येथे जन्मलेल्या आणि हंसाबाईंप्रमाणेच पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर पडद्यावर आलेल्या या बाईंनी दिग्दर्शक मिझोगुचींच्या १९५२ च्या चित्रपटात ओहारूची भूमिका केली. दरबारातून वाड्यात, वाड्यातून बाजारात, एका पुरुषाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या स्त्रीची ती कथा आहे. तानाका पुढल्याच वर्षी दिग्दर्शिका झाल्या, एकूण सहा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले, आणि ज्या मिझोगुचींनी त्यांच्याकडून ओहारू करवून घेतली त्यांनीच त्यांच्या दिग्दर्शनाला विरोध केला. स्त्रीचे दुःख पडद्यावर दाखविण्यास पुरुष तयार असतात. ते कोणत्या कोनातून दाखवावे हे तिने ठरवू म्हटले की त्यांचा उत्साह मावळतो. हंसाबाईंना दिग्दर्शकाची खुर्ची कधी मिळाली नाही. त्यांना मिळाला तो साप्ताहिकाचा स्तंभ, आणि तेवढ्यावर त्यांनी काम भागविले.

पुस्तक आल्यानंतर पुढल्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला आणि त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. तथापि त्यात तो वाडा कोणत्याही मुलखातल्या कोणत्याही जमीनदाराचा वाडा होतो, मराठवाडा त्यातून नाहीसा होतो, आणि दंडाधिकाऱ्याचा प्रसंग तर त्यात नाहीच. बेनेगलांना तो गाळण्याचा अधिकार होता. ते चित्रपट करीत होते. मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो अधिकार नाही. आमच्या विद्यापीठांतून आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक आजवर चित्रपटविषयक चरित्रांच्या फळीवर पडून राहिले आहे. ते तेथून काढून वतनांच्या कागदांशेजारी आणि मुक्तिसंग्रामाच्या साधनग्रंथांशेजारी ठेवावे, आणि मराठवाड्यातील स्त्रीजीवनावर जो कोणी यापुढे लिहील त्याने ती तीन वर्षे प्रथम वाचावीत.